चहाच्या बरणीला नाव? चिगुसा आणि कुचिकिरीबद्दल विचारायचं आहे

कोयरी

नमस्कार. मी तोक्योत, निशिकासाईला राहते. दोन वर्षं झाली, दर शनिवारी पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंकडे जपानी चहाविधी शिकायला जाते. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. आम्ही त्यांना सेन्सेइ म्हणतो. यंदा नोव्हेंबरात त्यांनी आम्हा चौघींना 'कुचिकिरी'ला बोलावलं आहे. कुचि म्हणजे तोंड, किरी म्हणजे कापणं. उन्हाळाभर सीलबंद ठेवलेल्या चहाच्या बरणीचं तोंड उघडायचा हा दिवस. चहा करणाऱ्यांचा तो पाडवाच, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं.

बरणी कशी असते ते समजावं म्हणून त्यांनी एका जाड पुस्तकातला फोटो दाखवला. बरणीचं नाव चिगुसा. तपकिरी, वरच्या अंगाला पोट सुटलेली, खांद्यावर चार कान. फोटो पाहिल्याबरोबर मला सांगलीच्या घरातली आजीची लोणच्याची बरणी आठवली. आजीची वरून तपकिरी आणि खाली पांढरट होती, हिला पांढरा भाग नाही. पण ठेवण तीच. आजी तिला धुतलेल्या जुन्या धोतराचा दादरा बांधायची. सेन्सेइंनी पान उलटलं, तर चिगुसाच्या तोंडावरही कापड बांधलेलं, फक्त ते जरीचं.

सेन्सेइ सांगत होत्या की ही बरणी मुळात चीनमध्ये झाली, माल भरून जपानला आली, आणि मग चारशे-पाचशे वर्षं लोक तिला बघायला येत राहिले. मला खरंच समजून घ्यायचं आहे. विधीत घोटतात ती चहाची पावडर तर छोट्या डबीतही राहते, मग एवढ्या मोठ्या बरणीत पानं कशी आणि का ठेवतात? मालाच्या भांड्याला नाव का दिलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्या दिवशी बरणी हातोहात फिरते. माझ्यासमोर येईल तेव्हा मी काय बघायचं? नुसतं 'सुंदर आहे' म्हणून पुढे सरकवायची नाही मला. इथे मातीकाम करणारं कुणी आहे का?

पांथस्थ

मातीकामातलं मला कळत नाही, पण चिगुसा प्रत्यक्ष पाहिली आहे. २०१४ साली मी मेरीलँडला होतो, तेव्हा वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत तिचं प्रदर्शन भरलं होतं. बरणी तिथल्याच फ्रीअर संग्रहाची, २००९ साली घेतलेली. उंची जेमतेम ४२ सेंटीमीटर. फोटोत ती रांजणाएवढी वाटते, म्हणून सांगतो.

माझ्या लक्षात राहिला तो तिचा संसार. जरीचं तोंडावरचं कापड, रेशमी जाळीची पिशवी, कानांना बांधायचे जाड रेशमी गोंडेदार दोर, आणि ती ठेवायच्या पेट्या, एकात एक बसणाऱ्या. शिवाय जुनी पत्रं, कागद. प्रत्येक मालकाने काही ना काही भर घातलेली. आपल्याकडे देवाच्या मूर्तीला जसे पिढ्यान्‌पिढ्या दागिने चढत जातात, तसं वाटलं. ते सगळं आजपर्यंत एकत्र राहिलं, याचंच मला जास्त नवल वाटलं.

कुंभारवाडा

कोयरी, तुझा प्रश्न दुपारी वाचला आणि हातातलं काम ठेवून उत्तर लिहायला बसले. लांब होईल, सवडीने वाच.

मी कर्जतकडे भट्टी लावते. तिशीत असताना पावणेदोन वर्षं जपानात, शिगाराकी या कुंभारांच्या गावी एका भट्टीवर राहिले, पहिले सहा महिने फक्त माती मळली. त्या गावात चहाच्या बरण्या शतकानुशतकं होत आल्या आहेत. तिथून क्योतोजवळचं उजी फार लांब नाही, आणि उजीचा चहा म्हणजे या सगळ्या गोष्टीचं मूळ. म्हणून आधी पानाचं सांगते, बरणीचं नंतर.

उजीत वसंतात चहाच्या झाडांवर बोरूच्या चटया आणि पेंढा घालून सावली करतात, वीसेक दिवस किंवा जास्तच. सावलीत वाढलेलं पान पातळ, गडद आणि गोडसर होतं. मे महिन्यात खुडतात, लगेच वाफवतात आणि वाळवतात. वळत मात्र नाहीत, पान सपाटच राहतं. या पानाला तेंचा म्हणतात. तेंचा जात्यावर दळला की माच्चा. दळलेली भुकटी फार दिवस टिकत नाही, तिचा रंग आणि वास उडतो. म्हणून साठवायचं ते पान, आणि दळायचं ते त्या दिवशी लागेल तेवढंच. तू म्हणतेस ती छोटी डबी भुकटीची, एका वेळेपुरती. तुझ्या सेन्सेइंकडे दोन्ही असतील. एक मुठीत मावते, दुसरी दोन्ही हातांत धरावी लागते.

आता ताजं पान चवीला कच्चं, हिरवट लागतं. ते मुरावं लागतं. आणि नेमका मुरायच्या काळात जपानात त्सुयु येतो, जूनचा पाऊस. भिंतीला बुरशी येते, चपला पांढऱ्या होतात, अगदी आपल्या आषाढासारखं. पान मुरायलाही हवं आणि सादळायलाही नको, हा पेच ही बरणी सोडवते.

भरायची पद्धत अशी. चांगल्यातला चांगला चहा कागदाच्या लहान पुड्यांत बांधून बरणीच्या मधोमध ठेवतात. हा दाट चहाचा, कोइचाचा. पुड्यांच्या भोवती, वर-खाली, सगळीकडे त्याहून हलक्या प्रतीची सुटी पानं दाबून भरतात. बाहेरची हवा आत शिरलीच तर आधी त्या भरावाला लागणार, आतल्या पुडीपर्यंत पोचणार नाही. भराव वाया जात नाही, त्याचा पातळ चहा होतो. मग लाकडी झाकण, त्यावर कागद, कडेने कागदाची पट्टी चिकटवून शिक्का. बरणी उन्हाळाभर थंड जागी, जमलं तर डोंगरावर. नोव्हेंबरात उघडायची.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. परत आल्यावर मी स्वतः एक बरणी केली होती, आणि उजीहून आणलेलं थोडं तेंचा तिच्यात भरून वरून कागदाने बंद केलं होतं. भट्टी त्या वेळी हवी तेवढी तापली नव्हती, माती पुरती पिकली नव्हती, मला ते कळलंही होतं. तरी भरलं. कर्जतचा पाऊस काढून अश्विनात उघडली. चांगलं तेंचा बोटांत धरून वाकवलं की कट्‌कन तुटतं. हे सादळलेल्या पापडासारखं वाकलं. वास ओल्या गोणपाटाचा. तो चहा मी मोगऱ्याच्या मुळाशी घातला. अजूनही भट्टी पेटवताना त्या पानाचं वाकणं आठवतं.

माठाचं उलटं गणित आहे हे. माठाची माती आठ-नऊशे अंशांवर भाजते, ती सच्छिद्र राहते, पाझरते, म्हणून पाणी गार होतं. चहाच्या बरणीची माती बाराशेच्या वर जावी लागते. तेव्हा माती आतून अर्धवट काचेसारखी घट्ट होते, टिचकी मारली तर खणखणते. झिलई वरून आणखी एक पदर देते. जाड अंगामुळे बाहेरच्या उन्हाचा चढउतार आत सावकाश पोचतो. एवढं जमलं की बरणी चांगली.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. चिगुसा दक्षिण चीनची, ग्वांगडोंगकडच्या भट्ट्यांची, तेराव्या-चौदाव्या शतकातली. तिथे असल्या बरण्या ढिगाने व्हायच्या, आणि कसला ना कसला माल भरून जहाजांवर चढायच्या. जपानात माल उतरला, बरण्या उरल्या, आणि चहा भरणाऱ्यांच्या ध्यानात आलं की यात पान चांगलं राहतं. निवड आधी पानाने केली, डोळ्याने नंतर.

पुढे या बरण्यांचं एवढं वेड लागलं की लोक त्या शोधत लूझोनला, म्हणजे आजच्या फिलिपीन्सला जाऊ लागले. जुन्या चिनी बरण्या तिथेही व्यापारातून पोचलेल्या होत्या. १५९४ साली साकाइ बंदराचा व्यापारी सुकेझाएमोन याने तिथून ५० बरण्या आणून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे मांडल्या, आणि सरदारांनी त्या उचलल्या. त्याचं नावच पुढे लूझोन सुकेझाएमोन पडलं. मनिलात स्पॅनिश अधिकारी असलेल्या अंतोनिओ दे मोर्गानेही १६०९ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की जपानी लोक असल्या जुन्या बरण्यांना वाटेल ती किंमत देतात. स्थानिकांच्या घरात ती साधी जुनी भांडी होती.

पण टिकाऊ बरण्या शेकडो होत्या. त्यातल्या मोजक्यांनाच नाव का मिळालं? मला वाटतं, त्यांच्याकडे कुणीतरी बसून, वेळ देऊन पाहिलं, आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं. १५८७ साली हाकाताचा व्यापारी कामिया सोतान याने साकाइत चिगुसा पाहिली. घरी येऊन रोजनिशीत काय लिहिलं? माती तांबूस आहे, भरड आहे. झिलई कशी उतरली आहे. पोटाखाली पुष्कळ फोड आहेत.

फोड! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढे वाचवलं नाही. आमच्या धंद्यात फोड म्हणजे नापास भांडं. मातीत कुठे हवा अडकलेली असते, कुठे काही जळायचं राहिलेलं असतं. उष्णता चढते, वरची माती मऊ होऊन मिटते, आतल्या वायूला वाट राहत नाही, मग तो भिंत फुगवतो. शिगाराकीला माझ्या भांड्याला असे फोड आले की मी ते भांडं मागच्या रांगेत ढकलायची. आणि इथे चारशे वर्षांपूर्वीचा एक जाणता माणूस त्या फोडांची नोंद घेतो, दोष म्हणून नाही, खूण म्हणून, जशी आपण माणसाच्या गालावरची तीळ सांगतो. ते वाचल्यापासून मी मागची रांग ठेवत नाही. प्रत्येक भांडं आधी हातात घेऊन सगळीकडून फिरवते, मगच ठरवते.

चिगुसा म्हणजे हजार प्रकार, नाना प्रकार. जुन्या जपानी कवितेत शरदातल्या नाना गवतांसाठी हा शब्द येतो. बरणी उघडायची तीही शरद सरताना. फोटो मोठा करून बघ: झिलई एका रंगाची नाहीच. जिथे जाड बसली तिथे काळपट, पातळ झाली तिथे मधासारखी, मध्येच ठिपके, मध्येच ओघळ. झिलईत लोह असतं, तेच जाडी आणि आच बघून इतके रंग धरतं. माझ्या मते नाव ठेवणाऱ्याने हे पाहिलं असणार.

तिच्या बुडावर शाईने केलेल्या सह्या आहेत. चार. त्यातली एक नोआमी यांची मानतात, १३९७ ते १४७१ हा त्यांचा काळ, शोगुनाच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, संग्रहाचे जाणकार होते ते. अंगावर कुठे लिहिलं नाही, बुडाखाली लिहिलं. म्हणजे सही दिसावी तर बरणी उचलावी लागते.

आता तुझ्यासमोर बरणी येईल तेव्हाचं. हातातल्या अंगठ्या, घड्याळ, बांगड्या आधीच काढून ठेव. पहिली पाहुणी जे करेल आणि जेवढी बरणी कलवेल, तेवढंच तू कर. दोन्ही हात, कोपरं गुडघ्यांजवळ टेकलेली, बरणी चटईपासून उंच उचलायची नाही.

बघायला मी खालून सुरुवात करते. सगळे वरून करतात, कारण डोळा आधी झिलईवर जातो. बुडाजवळ झिलई थांबते आणि उघडी माती दिसते, तिथे बरणी खरं बोलते. मातीचा रंग, खडे, वाळूचे पांढरे कण. शिगाराकीची असेल तर फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे दाणे तांदळाच्या कण्यांसारखे बाहेर आलेले दिसतील. मग झिलईची कड बघ. ती सरळ रेघ नसते. एखादा ओघळ इतरांपेक्षा खाली येऊन थेंब होऊन थांबलेला असतो. तो थेंब म्हणजे भट्टीतली शेवटची काही मिनिटं. आच आणखी थोडा वेळ राहिली असती तर तो बुडाला लागून बरणी फळीला चिकटली असती.

मग वर ये. एवढं भांडं सहसा एका दमात चाकावर होत नाही. मातीच्या वळ्या रचत, थोडं सुकू देत, पुन्हा वर चढवतात. तिरप्या उजेडात पोटावर आडवा हलकासा उंचवटा दिसला तर तिथे कुंभार थांबला होता. खांद्यावरचे कान बघ: वळी चिकटवताना अंगठा कुठे दाबला ते बहुतेक दिसतंच. चारही कान सारखे नसतील. शेवटी तोंड आणि काठ.

तुझ्या आजीच्या बरणीबद्दल एक सांगते. इदो काळात शोगुनासाठी उजीचा चहा आणायला दरवर्षी बरण्यांची मिरवणूक निघायची, १६३३ पासून ती रीतच पडली. रिकाम्या बरण्या इदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, उजीला, भरलेल्या परत. पालखीतल्या बरण्यांना वाटेत सरदारांनाही रस्ता द्यावा लागायचा. त्या कामासाठी शिगाराकीच्या कुंभारांनी ज्या बरण्या केल्या, त्यांना कोशिजिरो म्हणतात. कोशी म्हणजे कंबर, शिरो म्हणजे पांढरं. तपकिरी अंग आणि कमरेला पांढरा पट्टा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही घरची बरणी आठवली होती. त्या दोघींचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही. दोन झिलयांत बुडवायची युक्ती कुठल्याही कुंभाराला सुचते.

सगळ्याच चहाच्या बरण्या तपकिरी नसतात. सतराव्या शतकात क्योतोच्या निन्सेइने रंगवलेल्या बरण्या केल्या. आतामीच्या एमओए संग्रहालयात त्याची वेलीफुलांची, जांभळ्या विस्टेरियाची बरणी आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेली. जमलं तर तोक्योहून एक दिवस काढून जा. भिंत इतकी पातळ आणि सारखी ओढली आहे की माझ्यासारखीला घाम फुटावा. पण माझा जीव मात्र चिगुसावर आहे.

शिदोरी

कुंभारवाडाताई, फारच सुंदर लिहिलंत. दादऱ्यावरून मला एक धागा जोडावासा वाटतो.

माझी मावशी हैदराबादची. ती बरणीला मर्तबान म्हणते. हा शब्द ब्रह्मदेशातल्या मर्ताबान बंदरावरून आला. झिलईच्या मोठ्या बरण्या तिथून जहाजांवर चढायच्या, त्यातल्या काही तिथल्याच, काही दक्षिण चीनच्या. म्हणजे ताईंनी सांगितलेल्या बरण्यांचीच भावंडं इकडे पश्चिमेलाही येत होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता पूर्वेच्या प्रवासात लिहितो की एका राजकन्येने त्याला भेट म्हणून चार मर्तबान दिले, आलं, मिरी, लिंबं आणि आंबे भरून, सगळं समुद्रप्रवासासाठी मीठ घालून. म्हणजे लोणचंच की! आणि गोव्यात १५८३ ते १५८८ राहिलेला डच लेखक लिन्सखोतेन लिहितो की मर्ताबानला होणाऱ्या मातीच्या या मोठ्या भांड्यांना हिंदुस्थानात 'मर्तवाना' म्हणतात, आणि ती सगळ्या हिंदुस्थानभर नेली जातात.

एकाच काळात, एकाच तऱ्हेच्या बरण्या. पूर्वेला गेल्या त्यांच्यात चहा भरला, आपल्याकडे आल्या त्यांच्यात पाणी, तेल, लोणचं. कोयरीला फोटोत आजीची बरणी दिसली, ते उगाच नाही.

कोयरी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून घेतलं आहे. मर्तबानाचं वाचून आईला फोन केला. आजीची बरणी अजून सांगलीलाच आहे, माळ्यावर. एक विचारू? पुढच्या खेपेला ती इकडे आणली आणि तिच्यात तेंचा ठेवलं, तर राहील का? चाळीस वर्षं लोणचं होतं तिच्यात.

कुंभारवाडा

बरणी जरूर आण, चहा मात्र तिच्यात ठेवू नकोस. आतली झिलई शाबूत असेल तर अंग धुऊन, उन्हात ठेवून साफ होईल. पण काठावर झिलई नसते, कारण भाजताना तिथे झाकण किंवा दुसरं भांडं टेकतं. त्या उघड्या काठात आणि झाकणाच्या खालच्या कडेत हिंग, मोहरी, तेल मुरलेलं असतं. ते जात नाही. चहाचं पान शेजारचा वास लगेच धरतं. तिच्यात लोणचंच घाल. आणि दादरा बांधताना दोरी दोनदा फिरवून मग गाठ मार, विमानाने आणलेल्या बरणीचं झाकण बहुतेक सैल झालेलं असतं.

हो, एक राहिलं. त्या दिवशी सेन्सेइंना बरणीची 'निक्की' दाखवायला सांग. कुठली पुडी कुठल्या चहाची, त्याची यादी असते. पाहुण्यांनी ती वाचून कुठला चहा काढायचा ते सांगायचं, अशी रीत आहे.

कोयरी

काल कुचिकिरी झाली. आल्याबरोबर इथे लिहायचं होतं, पण पाय इतके आखडले होते की झोपूनच गेले.

बरणी शिगाराकीची निघाली, सेन्सेइंच्या सासूबाईंची. आम्ही आत गेलो तेव्हा ती तोकोनोमात, म्हणजे खोलीतल्या शोभेच्या कोनाड्यात, जाळीच्या पिशवीत होती. सेन्सेइंनी ती पुढ्यात आणली, जाळी सोडली, जरीचं कापड काढलं. खाली पांढरा कागद, त्यावर शिक्का. लहानशा सुरीने त्यांनी झाकणाच्या कडेकडेने कागद कापला. खोलीत कुणी बोलत नव्हतं, फक्त तो कागदाचा आवाज. झाकण उघडलं तेव्हा मी तिसऱ्या जागेवर होते तरी वास आला. वाळल्या गवताचा, आणि त्याच्यामागे काहीतरी ओल्या समुद्रासारखं.

निक्की वाचायला मिळाली. आत तीन पुड्या होत्या, पहिल्या पाहुणीने मधली मागितली. भोवतीची सुटी पानं लाकडी तबकात पडताना बारीक सळसळ झाली. ताई, मी विचारून एक पान उचललं आणि वाकवलं. कट्‌कन तुटलं.

मग सेन्सेइंनी नवा कागद लावून बरणी पुन्हा बंद केली, वर स्वतःचा शिक्का मारला, आणि ती आमच्याकडे दिली. जेवण चाललं होतं तेव्हा आतल्या खोलीतून जात्याचा आवाज येत होता, घरघर, अगदी सावकाश. त्यांची सून दळत होती.

बरणी माझ्यापुढे आली तेव्हा मी खालून सुरुवात केली. पांढऱ्या कण्या दिसल्या. झिलईची कड एका बाजूला वर होती, दुसऱ्या बाजूला एक ओघळ बुडापासून जेमतेम बोटभर वर थांबला होता, टोकाला हिरवट काचेचा थेंब. पोटावर आडवा उंचवटा बोटांना लागला, डोळ्यांना दिसला नव्हता. आणि तिसऱ्या कानाच्या डाव्या बाजूला अंगठ्याची खूण होती, नखासकट.

सेन्सेइंनी विचारलं, काय पाहिलंस. मला जपानीत सगळं नीट सांगता येईना, म्हणून मी फक्त माझा अंगठा त्या खुणेजवळ धरून दाखवला. त्या वाकून बघत राहिल्या. पन्नास वर्षं बरणी त्यांच्याकडे आहे, आणि नखाची खूण त्यांनी कधी पाहिली नव्हती. सुनेला हाक मारून त्यांनी तिलाही दाखवली.

फोटो काढले नाहीत, तिथे ते बरं दिसलं नसतं. घरी येऊन वहीत त्या कानाचं आणि ओघळाचं चित्र काढलं आहे. उद्या ऑफिसात स्कॅन करून इथे टाकते.